व्हर्नियर सर

जालन्यात सगळं टनाने चालतं. सळई टनाने, भंगार टनाने, मोसंबी टनाने. बियाण्याच्या धंद्यातली माणसं चहा पितानासुद्धा क्विंटलच्या खाली बोलत नाहीत. या गावात एक माणूस मिलिमीटरच्या दशांशात जगतो, आणि त्याचा थोडाफार त्रास सगळ्यांना होतो.

त्यांचं नाव रेशनकार्डावर काहीतरी वेगळं आहे, पण गाव त्यांना व्हर्नियर सर म्हणतं. आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवण्यात हयात गेली. निवृत्तीला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. सरांचं सगळं लक्ष मात्र खिशातला व्हर्नियर कुणी सरकारी समजून जमा करून घेतंय की काय, इकडे होतं. तो त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. लीस्ट काउंट शून्य पूर्णांक शून्य दोन. ओळख करून देताना ही माहिती मुलीच्या शिक्षणाच्या आधी येते. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशातून दोन पोलादी जबडे वर आलेले असतात. त्या जबड्यांत आजवर हॉटेलातली भजी सापडली आहेत, भाचीच्या साखरपुड्याची अंगठी सापडली आहे, शेजाऱ्यांनी बाटलीत जपून ठेवलेला मुतखडा सापडला आहे आणि एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेतली सुपारी. गुरुजींनी हरकत घेतली तेव्हा सर म्हणाले, “गणपती म्हणून मांडायची तर गोल तरी बघून घ्या, गुरुजी. आडवी-उभी पाऊण मिलिमीटरचा फरक आहे.”

पण ही सगळी वाटेतली कामं. सरांचं खरं काम एकच: व्हॉल्व्हच्या मापाची टोपी शोधणं.

ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडलेला पाहिला नाही त्यांना हे थोडं सांगावं लागेल. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह असत. खाली पिना, त्या सॉकेटात बसत. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर धातूचं एक बोंड असे आणि एक वायर खालून न जाता थेट त्या बोंडाकडे जाई. कारण असं, की व्हॉल्व्हमध्ये सिग्नल ग्रिडवर येतो आणि मोठा होऊन प्लेटमधून निघतो. दोघांच्या वाटा खाली शेजारीशेजारी ठेवल्या तर मोठा झालेला सिग्नल मागच्या दाराने पुन्हा ग्रिडवर येतो आणि रेडिओ गाणं सोडून स्वतःच शीळ घालायला लागतो. म्हणून ग्रिडला वरचा मजला दिला. त्या बोंडावर बसणारी पत्र्याची एवढीशी टोपी, वायरीच्या टोकाला सोल्डर केलेली, चिमट्यासारखी बोंडाला धरून राहणारी, ही सरांच्या शोधाची वस्तू.

टोपी ढिली असेल तर सेट खरखरतो. घट्ट असेल तर काढताना बोंडच काचेवरून सुटून हातात येतं, आणि मग जो आयुष्यभर जपला तो व्हॉल्व्ह भंगारात. त्यामुळे माप बरोबरच पाहिजे, हा सरांचा हट्ट तसा चुकीचा नाही. चुकीचं आहे ते जग. कारण बोंडाची मापं मुख्यतः तीन. धातूचे आणि काचेचे आठ पिनी व्हॉल्व्ह, म्हणजे सिक्स ए एट, सिक्स के सेव्हन, सिक्स क्यू सेव्हन ही मंडळी, त्यांचं बोंड पाव इंचाचं, ६.३५ मिलिमीटर. त्यांच्या आधीच्या पिढीतले ‘७५’ आणि ‘७८’, तसाच लाउडस्पीकरच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधला ८०७, यांचं बोंड ९.१ मिलिमीटर. आणि ८१३सारखे प्रक्षेपणाच्या यंत्रातले पहिलवान, त्यांचं १४.४. एवढ्यावर थांबलं असतं तर सर सुखाने म्हातारे झाले असते. पण मधल्या मापाला बाजार सर्रास ‘तीन अष्टमांश इंच’ म्हणतो. तीन अष्टमांश म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. बोंड भरतं ९.१. ही चार दशांश मिलिमीटरची थाप गेली ऐंशी-नव्वद वर्षं खपत आली आहे आणि तिच्याविरुद्ध कुणी ब्र काढलेला नाही, हे सर ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात लोक सिंचनाच्या अनुशेषाबद्दल बोलतात.

सरांकडे मूळ सेट एकच. एका जिनिंगवाल्याच्या जुन्या वाड्यातून आलेला अमेरिकन बनावटीचा, लाकडी, देव्हाऱ्याएवढा. निजामाच्या राज्यात हैदराबादेत ‘डेक्कन रेडिओ’ चालू होता त्या काळात कुणा हौशी माणसाने तो घेतला असावा. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीकडे गेलं, पुढे वाडा पडायला आला, सेट माळ्यावर गेला आणि माळ्यावरच्या उंदरांनी तीन व्हॉल्व्हच्या तिन्ही टोप्यांच्या वायरी खाऊन टाकल्या. टोप्या कुठे गेल्या हे उंदरांनाच ठाऊक. सर तो सेट घरी घेऊन आले त्या दिवशी काकूंनी एवढंच विचारलं, “हे वाजतं का?”

“वाजेल. तीन टोप्या पाहिजेत फक्त.”

त्या ‘फक्त’वर काकू अजून अधूनमधून बोलतात.

सुरुवात गावातल्या भंगारापासून झाली. जालन्याच्या भट्ट्यांना लागणारं भंगार दूरदूरहून येतं. तुटलेली जहाजं, मोडलेल्या मोटारी, बंद पडलेले कारखाने, सगळं ट्रकांनी येऊन पडतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर जातं. सर एमआयडीसीच्या बाजूच्या एका वखारीत पोचले. मालक मामू खाटेवर बसून काट्याकडे बघत होते. सरांनी व्हर्नियर काढला, ६.३५वर लावला, स्क्रू आवळला आणि मामूंच्या डोळ्यांपुढे धरला.

“साब,” मामू बराच वेळ बघून म्हणाले, “यां ट्रकां के ट्रकां माल उतरता. तुम दो ग्राम की चीज कू पूछ रै?”

“दोन ग्रॅमचीच आहे. पण मापात पाहिजे.”

“माप का कुछ नै होता साब हमारे पास. वजन बोलो.”

हा संवाद म्हणजे दोन धर्मांची भेट होती. मामूंनी चहा पाजला, एका पोराला ढिगाऱ्यावर पाठवलं, पोराने सायकलच्या घंटीची वाटी, कुकरची शिट्टी आणि औषधाच्या बाटलीचं झाकण आणून दिलं. सरांनी तिन्ही मोजली. न मोजता परत करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या दिवसापासून गावात कुठे स्लॅब पडत असला की सर क्षणभर थांबतात आणि सळयांच्या जाळीकडे बघून म्हणतात, “यात किती ग्रिडच्या टोप्या वितळल्या असतील हो?” घरमालकाला वाटतं हे कुणी इंजिनिअर आहेत आणि सळईत काहीतरी खोट आहे. एकाने तर सिमेंटची गाडी थांबवून ठेवली होती.

मग दुकानं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन “टोपी आहे का” असं विचारलं की काउंटरवरचा पोरगा जो विनोद करतो तो तुमच्या मनात आला तोच. सर या विनोदाला हसत नाहीत, रागवतही नाहीत. तो संपेपर्यंत घड्याळ बघतात. त्यांचा मुद्दा वेगळा असतो. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी उसळते, तिथे फुटपाथवर गांधी टोप्या विकणारा म्हातारा बसतो. चौथी शिकलेला नसेल. पण टोपी मागितली की तो आधी विचारतो, “कितीची? एकवीस का बावीस?” लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करणारेसुद्धा व्याह्यांच्या डोक्याचा अंदाज घेऊन करतात. आणि डिप्लोमा केलेला पोरगा विचारतो, “टोपी म्हणजे कशी, काका?” सरांना ‘काका’चा राग नाही. ‘कशी’चा आहे. ‘केवढी’ विचारायला पाहिजे होतं.

सरांच्या मते माणसाचं शहाणपण या ‘केवढी’त असतं. आयटीआयत ते शिकवत त्या धड्यात फिट तीन प्रकारचे: क्लिअरन्स म्हणजे सैल, इंटरफिअरन्स म्हणजे ठोकून बसवलेला आणि ट्रान्झिशन म्हणजे मधला, जो कधी सैल निघेल कधी घट्ट, सांगता येत नाही. हे वर्गीकरण ते दंडगोलापुरतं ठेवत नाहीत. कॉलनीतल्या प्रत्येक जोडप्याचा फिट त्यांनी ठरवून ठेवला आहे. एकदा काकूंनी विचारलं, “आणि आपला कोणता हो?” सर प्रामाणिक माणूस. थोडा विचार करून म्हणाले, “ट्रान्झिशन.” काकूंना याचा आनंद मानावा की माहेरी फोन करावा हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरत नव्हतं.

मुलीचं लग्न ठरवताना तर या शास्त्राचा कहरच झाला. पत्रिका काकू बघायच्या, सर एकच प्रश्न विचारायचे: पाव इंच म्हणजे किती मिलिमीटर? पहिल्या मुलाने खिशातून मोबाइल काढला. संपलं. दुसरा म्हणाला, “सहा.” सर म्हणाले, “सहा आणि?” तो म्हणाला, “सहाच.” त्याला कांदेपोहे मात्र पोटभर दिले. तिसरा वाळूजला टूलरूममध्ये होता. “सहा पूर्णांक पस्तीस, सर,” तो पोह्यांची बशी यायच्या आत म्हणाला, आणि सरांनी तिथेच होकार देऊन टाकला. पत्रिका बघायचीसुद्धा राहिली. उत्तर मुलीनेच आदल्या रात्री फोन करून त्याला सांगून ठेवलं होतं, हे आता सरांखेरीज सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. तसं बघता फिट उत्तम बसला.

सरांचं एक दुःख मात्र खरं आहे आणि त्याला इतिहास आहे. १९३५मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने आठ पिनी धातूचे व्हॉल्व्ह बाजारात आणले, तेव्हा बोंड डोक्यावर मिरवत होतं. पुढच्या थोड्याच वर्षांत काही हुशार लोकांनी आतली मांडणी बदलली, मध्ये आडोसे घातले आणि ग्रिडची तारसुद्धा खालच्या पिनांतूनच काढली. ‘सिक्स के सेव्हन’चा ‘सिक्स एस के सेव्हन’ झाला. मधला एस म्हणजे सिंगल एंडेड. बोंड गेलं, टोपी गेली, वरची वायर गेली. पुढे व्हॉल्व्ह करंगळीएवढे झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या मदतीने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले, तोवर रेडिओतल्या टोप्यांचा जमाना मागे पडलेला. म्हणजे आपल्या देशात घरोघरी रेडिओ पोचले ते बहुतेक बोडक्या डोक्याचे. सर त्या एका एस अक्षराकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आपल्याकडचे लोक फितुरांकडे बघतात. मी एकदा म्हटलं, “सर, पण त्याने सोय झाली ना?” ते म्हणाले, “सोय झाली. बोट कुठे लावायचं ते गेलं.”

हे बोट लावणं म्हणजे जुन्या मेकॅनिकांची नाडीपरीक्षा. सेट मुका असला की चालू ठेवून ‘७५’च्या किंवा ‘सिक्स क्यू सेव्हन’च्या टोपीला बोट लावायचं. स्पीकरमधून घूंऽऽ आवाज आला की समजायचं पुढचं सगळं जिवंत आहे, दुखणं मागे आहे. मीटर नको, काही नको. पण हीच युक्ती कुणी लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरवर केली तर? तिथे ८०७ असतो, आणि त्याच्या डोक्यावर ग्रिड नाही, प्लेट असते. मोठा दाब खालच्या पिनांपासून लांब ठेवायचा म्हणून तिला वर काढलेलं. पाचशे-सहाशे व्होल्ट. बोंड तसंच चकचकीत, ‘७५’च्याच मापाचं, तितकंच निरुपद्रवी दिसणारं. सरांचा एक विद्यार्थी जत्रेतल्या तमाशाच्या कनातीत असा ॲम्प्लिफायर तपासायला गेला आणि बोट लावताच मागच्या पेटाऱ्यात जाऊन बसला. ढोलकीवाल्याला वाटलं नवीन सोंगाड्या आला. सर ही गोष्ट सांगून शेवटी म्हणतात, “माप सारखं असलं म्हणून माणूस सारखा नसतो.” त्यांच्या तोंडी मापाविरुद्ध गेलेलं मी ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

हैदराबादची वारी काकूंच्या हट्टाने निघाली. त्यांना सालारजंग म्युझियम बघायचं होतं. सर इतक्या पटकन तयार झाले की काकूंना तिथेच संशय यायला पाहिजे होता. अजिंठा एक्सप्रेसने सकाळी उतरल्यावर सरांनी काकूंना म्युझियममधल्या त्या प्रसिद्ध घड्याळापुढच्या बाकावर बसवलं. त्या घड्याळातून दर तासाला एक छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. “हा बघून होईपर्यंत आलोच,” असं म्हणून सर कोठीच्या गुजराती गल्लीत शिरले. तिथे इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. सर दारोदार व्हर्नियर दाखवत फिरले. वार गुरुवार होता, तोही योगायोग नव्हता. गल्ली संपल्यावर ते जुमेरात, म्हणजे गुरुवारच्या, बाजारातही जाऊन आले, आणि तिथे एका वृद्ध दुकानदाराकडे अखेर टोप्यांचा डबा निघाला. डब्यावर खडूने लिहिलं होतं ‘बडी’. सरांनी एक मोजली. ९.१. दुसरी मोजली. ९.१. अख्खा डबा मोजला. म्हातारा शांतपणे बघत होता. “छोटी नै है साब. बडी लेको जाओ, दाबके बैठा देना.” ‘दाबके’ ऐकल्यावर सर उठले.

परत आले तेव्हा म्युझियम बंद व्हायची वेळ झाली होती. काकू त्याच बाकावर होत्या. “दाढीवाला मला आता ओळखायला लागलाय,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या वेळेला माझ्याकडं बघूनच आत गेला.”

ऑनलाइनचा प्रयोगही झाला. एका विक्रेत्याकडे ‘६ एमएम’ लिहिलेल्या चिनी मातीच्या सुंदर टोप्या दिसल्या. सरांनी आधी विचारून घेतलं, सहा म्हणजे सहा का सहा पूर्णांक पस्तीस? उत्तर आलं, ‘यस सर.’ पार्सल फोडलं तर सहा म्हणजे खरोखर सहाच. इंटरफिअरन्स फिट. सरांनी दीड पानाचा अभिप्राय लिहिला. पाचपैकी ४.६५ तारे द्यायची सोय नाही म्हणून एकही तारा दिला नाही.

या सगळ्यात खरा तोडगा काढला तो बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने. त्याने सरांचं सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि काचेच्या मोठ्या फ्यूजचा होल्डर काढला. जुने अमेरिकन फ्यूज पाव इंच जाडीचे असत. त्यांना धरणारी पितळी क्लिप पाव इंचाच्या बोंडाला चोख बसते, आणि जगभरचे हौशी लोक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. सरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून मोजलं. बरोबर होतं. याचा त्यांना आनंद व्हावा अशी आमची अपेक्षा, पण सरांचा चेहरा उतरला. इतकं अचूक माप इतकी वर्षं शेजारच्या गल्लीत होतं आणि ते दुसऱ्याच कामाला लावलेलं होतं!

तरी क्लिपा घरी आल्या. तीन वायरी सोल्डर झाल्या, तीन बोंडांवर तीन क्लिपा बसल्या. सेट लावला, डायल हळूहळू उजळली आणि परभणी केंद्र लागलं. एक अधिकारी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगत होते. कॉलनीतली चार माणसं जमली, काकूंनी साखर वाटली. सरांनी दोन मिनिटं ऐकलं, मागून हात घालून क्लिपा हलवून बघितल्या, खरखर नव्हती. सेट बंद केला.

“अहो, असू द्या की!” काकू म्हणाल्या.

“कशाला? परभणी मोबाइलवर येतं की.”

इथे माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे इतकी वर्षं चुकीच्या माणसाला ‘रेडिओवाले’ समजत होतो. सरांना गाणी नको होती, बातम्या नको होत्या, सिलोनची आठवण त्यांना कधी आलेली नाही. त्यांना बोंडावर टोपी बसताना येणारा तो बारीकसा ‘टक’ ऐकायचा होता. फ्यूजच्या क्लिपेला तो टक नाही. ती सरकते. म्हणून सेटच्या पाठीवर त्यांनी चिठ्ठी लावली: ‘तात्पुरती व्यवस्था’.

शोध चालूच राहिला, आणि शेवटी कामी आला तो जावई. त्याची बदली पुण्याला झाली होती. सासऱ्यांचं ऋण त्याच्या मनात होतंच, शिवाय ते ६.३५चं गुपितही मनाला खात असावं. तो सुट्टीच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागला. तिथे त्याला व्हॉल्व्हच्या जुन्या टीव्हींचे सांगाडे सापडले. टीव्हीने टोप्या पुष्कळ उशिरापर्यंत जपल्या होत्या, कारण पीएल ५०४ आणि पीवाय ८८ या व्हॉल्व्हच्या डोक्यावर मोठ्या दाबाचे फटके येतात, ते खालच्या पिनांतून नेणं परवडत नाही. आणि बोंडं पाव इंचाचीच. कुणीतरी कारागिराने अशा टोप्या काढून काढून एका पिशवीत जमवल्या होत्या. जावयाने पिशवी किलोवर घेतली. मामू ऐकून म्हणाले असते, आता बोले ना बराबर.

दिवाळीला ती पिशवी जालन्यात आली. सरांनी फराळाला हात लावला नाही. रात्री उशिरापर्यंत एकेक टोपी मोजली, तीन नापास केल्या, उरल्या शंभराच्या वर. सेटला त्यांतल्या तीन बसल्या. टक, टक, टक. चिठ्ठी काढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नियर सर अंगणात असे बसले होते की शेजारच्या आजींनी काकूंना हळूच विचारलं, “कामून असे बसलेत? काही झालं का?”

हे सुतक चार दिवससुद्धा टिकलं नाही. शंभर टोप्या आणि डोकी तीन, हा हिशेब सरांना बघवेना. त्यांनी ठरवलं, आता डोकी शोधायची. जिल्ह्याचे आठ तालुके, जुने वाडे, वाड्यांचे माळे. एकट्याने कसं होणार? संक्रांत जवळ आली होती. काकू हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणणार होत्या. सर म्हणाले, “डबे नकोत. मी देतो वाण.” आणि आयटीआयतल्या जुन्या शिष्याच्या लेथवर त्यांनी पोलादी पट्ट्या करून घेतल्या, प्रत्येक पट्टीला तीन भोकं: ६.३५, ९.१ आणि १४.४. मापाला थोडी सवड ठेवून, रीमर फिरवून. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका तिळगुळाबरोबर एकेक गेज घेऊन घरी गेल्या. आमच्याकडे ती पट्टी किल्ल्यांना अडकवली आहे. समोरच्या वहिनी तिच्यातून वाती ओवतात म्हणे. पण सरांनी प्रत्येकीला वाण देतानाच सांगून ठेवलं होतं: माहेरी गेलात तर माळ्यावर बघा. जुना रेडिओ असला तर मागचा पुठ्ठा काढा, सेट बंद करून, बोंडाला पट्टी लावा.

आणि समोरच्याच वहिनींचा अंबडहून फोन आला. मत्स्योदरीच्या दर्शनाला माहेरी गेल्या होत्या. माळ्यावर सेट होता. मोठा, जाळीचा, व्हॉल्व्हच्या डोक्यांवर बोंडं असलेला. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

“वहिनी, घाई करू नका. पहिल्या भोकात जातं का बघा.”

“नाही जात, सर.”

“धूळ पुसून बघा.”

“पुसली. नाही जात. दुसऱ्यात जातं. अगदी बरोब्बर बसलं.”

सर बराच वेळ गप्प होते. कोपऱ्यात शंभर टोप्यांची पिशवी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग डोळ्यांत ती जुनी चमक आली आणि ते आतल्या दिशेने बघून म्हणाले, “अगं ऐकलंस का? हैदराबादला त्या म्हाताऱ्याकडे ‘बडी’चा डबा होता, आठवतो ना? अजिंठा एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन...”

“एकाचंच काढा,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “आणि त्या दाढीवाल्याला माझा नमस्कार सांगा.”